‘देईन’ आणि ‘मान्य आहे’ : ब्युनोस आयर्सची प्रांतिक नोट

एखाद्या राज्याचा स्वभाव ओळखावयाचा असेल तर त्याचे कायदे वाचावेत, असे शहाणे लोक सांगतात. कायदे वाचण्याइतका वेळ ज्याला नाही त्याने त्या राज्याची नोट वाचावी. नोट आपण मोजतो, दुमडतो, प्रसंगी उजेडासमोर धरतो. पण वाचीत मात्र नाही. वाचण्यासारखी एक नोट दक्षिण अमेरिकेत गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात निघाली होती. तिची हकीकत येथे सांगावयाची आहे.

ही नोट अर्जेंटिना देशाची नव्हे. त्या देशातील ब्युनोस आयर्स या एका प्रांताची. १८४० नंतरच्या दहा वर्षांत प्रांताच्या टांकसाळीने ज्या नोटा काढल्या त्यांवर राजाचा मुखवटा नाही, देवदेवता नाहीत. पम्पासच्या गवताळ मैदानावर चरणारी जनावरे आहेत, आणि ते योग्यच होते. कारण त्या प्रांताची सारी श्रीमंती कातडी, चरबी आणि खारविलेले मांस यांतून येत होती. पण जनावरांच्या जोडीला दोन घोषणा छापलेल्या आढळतात. पहिली, ‘अर्जेंटिनाचा राज्यसंघ चिरायु होवो’. दुसरी, ‘रानटी एकतंत्रवादी मरोत’. पैशाच्या कागदावर ‘अमुक लोक मरोत’ असे छापल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

घोषणेकडे लक्ष जाते हे साहजिक आहे. तथापि त्या नोटेवरील खरी वाचण्यासारखी ओळ ती नव्हेच. खरी ओळ अगदी साध्या शब्दांत आहे : ‘ब्युनोस आयर्सचा प्रांत हा कागद इतक्या चलनी पेसोंचा म्हणून मान्य करतो.’ मान्य करतो! देतो असे नाही, देईन असे नाही, मागाल तेव्हा सोने मोजून देईन असे तर नाहीच. आपल्या शंभर रुपयांच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकाला रक्कम अदा करण्याचे वचन देतात. त्या वचनाला आज सोन्याचा आधार उरलेला नाही हे खरे, पण वाक्य वचनाचे आहे. ब्युनोस आयर्सच्या नोटेत ते वाक्यच नव्हते. ते पूर्वी होते, आणि मग गेले. ते कसे गेले यातच सारी कथा आहे.

ब्युनोस आयर्स हे बंदर स्पॅनिश अमलात श्रीमंत झाले ते पोतोसीच्या चांदीवर. त्या डोंगरातील चांदी खेचरांच्या पाठीवरून या बंदरात येई आणि जहाजाने स्पेनकडे जाई. १८१० मध्ये शहराने स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठाव केला. युद्धे झाली, स्वातंत्र्य मिळाले, पण पोतोसीचा मुलूख हातचा गेला. म्हणजे स्वातंत्र्य आले आणि नाणे गेले. १८२० मध्ये मध्यवर्ती सरकारही कोसळले आणि प्रत्येक प्रांत आपापला संसार पाहू लागला. ब्युनोस आयर्सच्या वाट्याला मात्र बंदर आले, व बंदराबरोबर जकात आली. ही जकात त्याने इतरांना वाटून दिली नाही. पुढच्या चाळीस वर्षांतील सारी भांडणे या एका ओळीत सांगता येतात.

नाणे नव्हते, व्यापार तर वाढत होता. तेव्हा १८२२ मध्ये शहरातील व्यापाऱ्यांनी एक बँक काढली. ती खाजगी मंडळी होती. नोटा काढण्याचा एकाधिकार सरकारने त्यांना दिला. या पहिल्या बँकेच्या नोटा खऱ्या अर्थाने वचनचिठ्ठ्या होत्या. कोणीही नोट घेऊन यावे, बँकेने रोकड मोजावी. सतरा पेसोंना सोन्याची एक ओन्सा, म्हणजे सुमारे सत्तावीस ग्रॅमची स्पॅनिश मोहर, असा भाव होता. हा सतराचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

१८२५ च्या अखेरीस ब्राझीलशी युद्ध जुंपले. कारण होते आजचा उरुग्वे. ब्राझीलच्या आरमाराने नदीचे तोंड अडविले. जहाजे यावयाची थांबली आणि जकातही थांबली. इकडे सैन्याला पगार हवा. लोक नोटा घेऊन सोने मागू लागले, आणि १८२६ च्या आरंभीच नोटेच्या बदल्यात रोकड देणे बंद झाले. त्याच वर्षी जुनी बँक नव्या ‘राष्ट्रीय बँके’त विलीन केली गेली. युद्ध सरकारने लढले, खर्च बँकेने छापला. या काळात बोलिव्हार आणि वॉशिंग्टन यांच्या तसबिरी असलेल्या नोटाही निघाल्या. दोघेही थोर पुरुष, पण दोघांपैकी एकानेही ब्युनोस आयर्समध्ये कधी पाऊल टाकले नव्हते. तिजोरीत सोने नसले म्हणजे कागदावर मोठी माणसे लागतात, असे कोणी म्हणाले तर त्याला फार दोष देता यावयाचा नाही.

१८२८ मध्ये युद्ध संपले. उरुग्वे ना याचा ना त्याचा, स्वतंत्र देश झाला. नोटा मात्र पुन्हा सोन्यावर आल्या नाहीत.

मग आला हुआन मानुएल दे रोसास. हजारो गुरांचा मालक, घोड्यावर बसण्यात गुराख्यांनाही मागे टाकणारा, शिस्तीचा आणि हिशेबाचा अतिशय कडक. १८२९ मध्ये तो प्रांताचा गव्हर्नर झाला. तीन वर्षांनी उतरला. आणि १८३५ मध्ये पुन्हा आला तो सर्व सत्ता स्वतःच्या हाती देण्याची अट घालूनच. तो ‘राज्यसंघवादी’ म्हणविणाऱ्या पक्षाचा पुढारी होता. विरोधकांना देशात एकच मध्यवर्ती सत्ता हवी होती, म्हणून ते ‘एकतंत्रवादी’. गंमत अशी की, एकतंत्र म्हणजे काय हे त्या देशाला प्रत्यक्ष करून दाखविले ते रोसासनेच.

लाल रंग त्याच्या पक्षाचा. १८३२ पासूनच लाल फीत छातीवर लावणे सरकारी नोकरांना सक्तीचे झाले होते. पुढे ती सर्वांच्याच अंगावर दिसू लागली, बायकांच्या केसांतही. सरकारी कागदाच्या माथ्यावर, वर्तमानपत्राच्या डोक्यावर, नाटकगृहात पडदा उघडण्यापूर्वी, सगळीकडे त्याच दोन घोषणा. रात्री गस्त घालणारे पहारेकरी तास पुकारीत, तेव्हा ‘किती वाजले, आभाळ कसे आहे’ हे सांगण्यापूर्वी तेही याच घोषणा लांब सूर काढून म्हणत. मी गाणे शिकविणारा माणूस असल्यामुळे मला त्या पहारेकऱ्याची फार आठवण येते. रोज रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मुलांनी तो सूर ऐकला असेल. ‘मरोत’ हा शब्द अंगाईसारखा कानात शिरला असेल. सकाळी तीच मुले पाव आणावयास गेली की हातातल्या नोटेवर पुन्हा तेच.

तेव्हा नोटेवरील घोषणा म्हणजे कोणा अधिकाऱ्याचा अतिउत्साह नव्हता. ती सर्वत्र होती, म्हणून नोटेवरही होती. पण नोटेवर तिला एक वेगळा अर्थ येतो. पूर्वी त्या कागदावर बँकेचे वचन होते. वचन निघून गेल्यावर जी जागा रिकामी झाली तेथे पक्ष येऊन बसला. कागद का घ्यावयाचा? तर त्यामागे सोने आहे म्हणून नव्हे. त्यामागे रोसास आहे म्हणून.

३० मे १८३६ रोजी रोसासने राष्ट्रीय बँक एका हुकुमाने मोडून टाकली आणि तिच्या जागी ‘कासा दे मोनेदा’, म्हणजे टांकसाळ, उभी केली. नाव टांकसाळ, पण मुख्य काम कागद छापणे. त्या सुमारास सुमारे दीड कोटी पेसोंच्या नोटा चलनात होत्या. १८५२ मध्ये रोसास पडला तेव्हा तो आकडा साडेबारा कोटींच्या घरात गेला होता.

येथे रोसासच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे; त्याचे शत्रू ती सांगत नसत. हा माणूस उधळ्या नव्हता. मनात आले म्हणून त्याने नोटा छापल्या नाहीत. किती छापल्या, किती जुन्या जाळल्या, याचे हिशेब तो प्रसिद्ध करी. शांततेच्या वर्षांत छपाई थांबे किंवा मंदावे. छपाईला ऊत येई तो बंदर बंद पडले म्हणजे. १८३८ मध्ये फ्रेंच आरमाराने वेढा घातला तो १८४० पर्यंत टिकला. १८४५ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच दोघे मिळून आले आणि पुन्हा काही वर्षे बंदर आवळले गेले. प्रांताचे जवळजवळ सारे उत्पन्न जकातीचे. जहाज नाही तर जकात नाही. जकात नाही तर पगार नाही. आणि पगार न मिळालेले सैन्य काय करते हे रोसासला चांगले ठाऊक होते. जमिनीवर जबर कर बसविणे हा दुसरा मार्ग होता. पण जमीन त्याच्या मित्रांची होती, नातेवाइकांची होती, त्याची स्वतःची होती. म्हणून छापखाना.

कागद वाढला की त्याची किंमत उतरते, हे व्यापाऱ्याला कळते तसे ते शिक्षकाला कळत नाही. कारण व्यापारी रोज सोन्याचा भाव विचारतो, शिक्षक विचारीत नाही. गाण्यातला दाखला द्यावयाचा तर असा : तंबोऱ्याच्या तारा रोज केसभर उतरत गेल्या आणि गाणाराही रोज त्यांच्याबरोबर उतरत गेला, तर महिनाभराने आपण किती खाली गातो आहोत हे त्या खोलीत बसलेल्या कोणालाच कळणार नाही. बाहेरून कोणी पेटी घेऊन आला आणि त्याने पट्टी दाबली की मग सर्वांची तोंडे उतरतात. ब्युनोस आयर्समध्ये ही पेटी म्हणजे सोन्याची ओन्सा. सतरा पेसोंना मिळणारी ओन्सा रोसासच्या दुसऱ्या कारकिर्दीच्या आरंभीच शंभराच्या पलीकडे गेली होती; वेढ्याच्या दिवसांत ती कित्येक पटींनी आणखी वर चढे, आणि वेढा उठला की थोडी खाली येई. संस्थानी रुपया आणि कलदार रुपया यांमधील बट्टा ज्यांच्या आजोबांनी सराफाच्या दुकानात मोजला, त्यांना हा प्रकार अपरिचित वाटू नये. फरक इतकाच की संस्थानी रुपयात थोडी तरी चांदी असे.

मग यात बुडाला कोण? मोठे जमीनदार बुडाले नाहीत. त्यांची कातडी परदेशात जात आणि तेथे त्यांचा भाव सोन्यात ठरे. गुराख्याची मजुरी मात्र ते कागदात देत. बुडाला तो ठरलेल्या आकड्यावर जगणारा माणूस. शिपाई, कारकून, पेन्शनीवरची विधवा, शाळामास्तर. १८३८ च्या वेढ्यात तर रोसासने आणखी एक काम केले : शाळांना, विद्यापीठाला आणि रुग्णालयांना मिळणारा सरकारी पैसाच थांबविला. ज्यांना शिकावयाचे असेल त्यांनी फी द्यावी. टाकलेल्या मुलांचा सांभाळ करणारी संस्थाही त्याच वर्षी बंद झाली. सैन्यासाठी मात्र नोटा छापल्या जात राहिल्या. कोणासाठी छापावयाचे आणि कोणासाठी नाही, हे ठरविणारा हात एकच होता. रोसासच्या कडक हिशेबाचे जे आज कौतुक करतात त्यांनी हा रकानाही वाचावा असे मला वाटते.

आता या नोटेच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन माणसांविषयी लिहितो. दोघेही संगीताचे. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत ते शेजारी शेजारी येत नाहीत, पण मला ते वेगळे करता येत नाहीत.

पहिला हुआन पेद्रो एस्नाओला. जन्म १८०८ चा. त्याचा मामा पिकासार्री हा कॅथीड्रलमधील संगीताचा प्रमुख. पण स्पेनच्या राजाचा पक्षपाती, म्हणून स्वातंत्र्ययुद्धात त्याला देश सोडावा लागला. मामाबरोबर भाचाही गेला आणि युरोपात पियानो व रचनाशास्त्र शिकला. १८२२ मध्ये दोघे परतले आणि त्यांनी शहरात संगीताची शाळा काढली. बँकही त्याच वर्षाची, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. एस्नाओला पुढे रोसासच्या घरात वावरू लागला. रोसासची मुलगी मानुएलिता हिच्या दिवाणखान्यातील मैफलींना त्याची साथ असे. रोसासच्या स्तुतिगीतांना त्याने चाली दिल्या. आणि हाच संगीतकार प्रांताच्या टांकसाळीच्या कारभारातही अधिकाराच्या जागेवर बसला. सकाळी कागदी पेसोंचा हिशेब आणि संध्याकाळी पियानो! त्याला खुशामती म्हणावे काय? दरबारी संगीत ज्यांच्या अन्नात मिसळलेले आहे त्यांनी हा शब्द जपून वापरावा. आश्रयदात्याचे नाव ज्या चिजेत गुंफले आहे ती चीज त्या नावामुळे बेसूर होत नाही. तरीही एक फरक आहे. स्तुतिगीत ऐकणे न ऐकणे श्रोत्याच्या हाती असते. नोट घेणे न घेणे त्याच्या हाती नसते.

दुसरा हुआन बाउतिस्ता आल्बेर्दी. उत्तरेकडील तुकुमानचा, एस्नाओलाहून दोन वर्षांनी लहान. अर्जेंटिनात त्याचे नाव घेतात ते १८५३ च्या राज्यघटनेचा पाया घालणारा विचारवंत म्हणून. पण त्याची पहिली प्रसिद्ध झालेली पुस्तके कायद्याची नव्हेत. १८३२ मध्ये त्याने पियानो शिकण्याच्या नव्या पद्धतीवर एक आणि संगीताच्या स्वरूपावर एक अशा दोन पुस्तिका काढल्या. तो स्वतः मिन्युए आणि वॉल्ट्झ रचीत असे. १८३७ मध्ये ‘ला मोदा’ नावाचे साप्ताहिक त्याने मित्रांसह चालविले. त्यात फॅशनच्या आडून विचार आणि विचारांच्या जोडीला वाजविण्याजोगे संगीत छापले जाई. काही महिन्यांतच ते बंद पडले. १८३८ मध्ये तो नदी ओलांडून मोन्तेव्हिदेओला गेला, आणि आयुष्याची उरलेली बहुतेक वर्षे त्याने परदेशातच काढली.

देशाबाहेर बसून आल्बेर्दीने त्या नोटेचे जे निदान केले ते मला आजही अचूक वाटते. १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात आणि नंतरच्या लेखनात तो म्हणतो त्याचा आशय असा : ही नोट म्हणजे पैसा नव्हेच, हे सरकारने काढलेले कर्ज आहे, फक्त या कर्जाला व्याज नाही, मुदत नाही, आणि धनकोची परवानगी नाही. नोट घेणारा प्रत्येक माणूस नकळत सरकारला उसने देत असतो. आणि ज्या सरकारला प्रजेला न विचारता प्रजेकडून उसने घेता येते त्याला विधिमंडळाची गरजच काय? म्हणजे रोसासची हुकूमशाही लाल फितीवर उभी नव्हती, छापखान्यावर उभी होती. एस्नाओलाने ज्या कचेरीत काम केले त्याच कचेरीविषयी आल्बेर्दी हे लिहीत होता.

इतर प्रांतांचे मत आल्बेर्दीहून वेगळे नव्हते, पण त्यांनी ते लिहिले नाही. त्यांनी नोट घेतली नाही. अंतर्भागात बोलिव्हियाची हलकी चांदीची नाणी चालत. ब्युनोस आयर्सचा कागद प्रांताची वेस ओलांडली की कागदच.

३ फेब्रुवारी १८५२ रोजी कासेरोसच्या लढाईत एन्त्रे रिओसचा गव्हर्नर उर्किसा याने रोसासचा पराभव केला. रोसास त्याच रात्री इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि जहाजाने इंग्लंडला पोचला. नोटांवरील ‘मरोत’ गेले, लाल रंग गेला. आता तरी छापखाना थांबेल, असे कोणास वाटले असेल तर तो फसला. ब्युनोस आयर्सने उर्किसाशीही भांडण काढले आणि देशापासून फुटून निघाले. १८५३ मध्ये शहराला जमिनीवरून वेढा पडला आणि समुद्राकडून आरमाराने नाकेबंदी केली. त्या आरमाराचा प्रमुख को हा मूळचा अमेरिकन. शहराच्या पुढाऱ्यांनी त्याला लाच देऊन सबंध आरमारच विकत घेतले. प्रांताचा खर्च कागदावर चालला होता. को याला मात्र सोन्याच्या ओन्सा मोजाव्या लागल्या. प्रांताच्या नोटेचे याहून स्पष्ट मूल्यमापन कोणा अर्थशास्त्रज्ञाने केलेले नाही.

१८६२ नंतर देश एक झाला, तरी प्रांताचा पेसो प्रांताचाच राहिला. १८६७ च्या आरंभी प्रांतिक बँकेत विनिमयाची एक कचेरी उघडली आणि चाळीस वर्षांनंतर प्रथमच नोटेच्या बदल्यात सोने मिळू लागले. दर होता पंचवीस कागदी पेसोंना एक सोन्याचा पेसो. ओन्साच्या हिशेबात चारशे पेसो. सतराचे चारशे! ज्याने १८२२ मध्ये शंभर पेसो गाठीला बांधून ठेवले असतील त्याच्या नातवाच्या हाती सव्वाचार पेसोंचे सोने आले. तेही १८७६ च्या मंदीत पुन्हा थांबले. शेवटी १८८१ च्या कायद्याने सर्व देशाचा एक राष्ट्रीय पेसो झाला, आणि जुने पंचवीस देऊन नवा एक घ्यावा असे ठरले.

एस्नाओला हे पाहावयास उरला नाही. तो १८७८ मध्ये वारला. राजवट बदलली तरी त्याचा मान गेला नव्हता. १८६० मध्ये त्याने ब्लास पारेराच्या जुन्या राष्ट्रगीताची नवी स्वररचना बांधली, आणि त्या देशात राष्ट्रगीत वाजते ते त्या रचनेच्या आधारे. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १८७७ मध्ये, इंग्लंडात साउथॅम्प्टनजवळ एका भाड्याच्या शेतावर रोसास मरण पावला होता. मायदेशातील त्याची मालमत्ता जप्त झाली होती; गुरे पाळून आणि मित्रांच्या मदतीवर त्याने दिवस काढले.

एक शतक उलटले. १९८९ मध्ये रोसासच्या अस्थी सन्मानाने मायदेशी आणल्या गेल्या. १९९१ मध्ये अर्जेंटिनाने आपले चलन कायद्याने अमेरिकन डॉलरला बांधून टाकले, आणि १९९२ मध्ये एक पेसो म्हणजे एक डॉलर या भावाच्या नव्या नोटा निघाल्या. त्यांवर ‘परिवर्तनीय पेसो’ असे स्पष्ट छापलेले होते, म्हणजे जुने ‘देईन’ पुन्हा आले. त्यांपैकी वीस पेसोंच्या नोटेवर तसबीर होती रोसासची. २००२ च्या जानेवारीत तो कायदा मोडला, पेसो कोसळला, आणि नंतर छापलेल्या नोटांवरून ‘परिवर्तनीय’ हा शब्द गाळण्यात आला. रोसासची तसबीर मात्र तशीच राहिली. २०१७ मध्ये निघालेल्या वीस पेसोंच्या नोटेवर त्याच्या जागी एक जनावर आले : ग्वानाको, उंटाच्या जातीचा, लोकर देणारा, मान उंच करून उभा.